रेडिओनं पोप पोचवला म्हणे, पण मोजलं कोणी?

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीनं तिचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. ती इतिहासात पीएच.डी.ला अर्ज करतेय, पेट पास झालीय, मुलाखत तोंडावर आहे. विषय असा: १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे पोलंडला गेले तेव्हा रेडिओनं बजावलेली भूमिका. माझ्याकडे पाठवायचं कारण एवढंच की मी आयनोस्फिअरवर काम करतो, आणि शॉर्टवेव्ह जॅमिंग म्हणजे काय हे तिला अर्ध्या पानात हवं होतं. ते मी लिहून दिलं. पण तिच्या पहिल्याच परिच्छेदातल्या एका वाक्याशी मी अडलो तो पुढे पंधरा दिवस अडलेलाच राहिलो. वाक्याचा आशय असा की पाश्चात्त्य रेडिओमुळे पोपचा आवाज घराघरांत पोचला आणि त्यातून कम्युनिस्ट सत्तेचा पाया खचला.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे वाक्य जरा उकलून बघा. आत तीन दावे आहेत. आवाज पोचला, हा एक. रेडिओमुळे पोचला, हा दुसरा. पोचल्यामुळे सत्ता खचली, हा तिसरा. तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. वाक्य मात्र एकच आहे आणि शेवटी संदर्भही एकच दिलाय. असली वाक्यं माझ्याही पहिल्या ड्राफ्टमध्ये भरपूर होती, त्यामुळे हे तिच्यावरचं टीकास्त्र समजू नका. तिची परवानगी घेऊनच लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्राकोवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा १६ ऑक्टोबर १९७८ ला पोप झाले. साडेचारशे वर्षांनंतरचे पहिले बिगर-इटालियन पोप, आणि तेही कम्युनिस्ट देशातले. पुढच्या वर्षी २ ते १० जून या काळात ते मायदेशी आले. पोलंडमधला रेडिओ आणि टीव्ही सरकारी. बाहेरून पोलिश भाषेत बोलणारे रेडिओ बरेच: म्युनिकहून चालणारं रेडिओ फ्री युरोप, बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, आणि स्वतः पोपचं व्हॅटिकन रेडिओ, जे १९३१ मध्ये मार्कोनीनं उभारून दिलं होतं. पोलंडचे सर्वेसर्वा तेव्हा एडवर्ड गियेरेक. ब्रेझनेव्हनं त्यांना फोन करून पोपला येऊच देऊ नका असा सल्ला दिला, ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचाल. ती येते गियेरेक यांच्याच आठवणींतून. ते पुस्तक १९९० मधलं, म्हणजे खुर्ची जाऊन दहा वर्षं झाल्यावरचं. तोवर पोपच्या बाजूला असणं फायद्याचं झालं होतं. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. वापरताना एवढी तळटीप हवी.

आता माझ्या प्रांतातलं. सिनॉप्सिसमध्ये एक प्रकरण ‘जॅमिंग फोडून पोचलेला पोप’ असं होतं. नाव झकास आहे, पण १९७९ ला ते चिकटत नाही. पोलंडनं आपले जॅमर १९५६ मध्येच थांबवले होते. त्या वर्षी जूनमध्ये पोझनानच्या कामगारांनी विमा कार्यालयाच्या इमारतीवरची जॅमिंगची यंत्रं फोडून खाली फेकली, आणि नोव्हेंबरमध्ये बिदगोश्च शहरात लोकांनी जॅमिंग केंद्रावरच हल्ला केला. शेजारच्या देशांतून येणारा गोंगाट ही वेगळी बाब. पोलिश प्रक्षेपणावर पुन्हा जोरात जॅमिंग सुरू झालं ते डिसेंबर १९८१ च्या मार्शल लॉनंतर, आणि थांबलं १ जानेवारी १९८८ ला. म्हणजे जॅमिंगचा खरा प्रश्न पोपच्या जून १९८३ मधल्या दुसऱ्या भेटीला लागू होतो. तारखा एका कागदावर खालीवर मांडून बघितल्या असत्या तर प्रकरणाचं नाव आपोआप बदललं असतं.

जॅमिंगचं भौतिकशास्त्रही इथं नुसतं सजावटीला नाही, म्हणून थोडं सांगतो. म्युनिक ते वॉर्सा अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. शॉर्टवेव्हच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना हे अंतर फार जवळ पडतं. लहर वर जाऊन आयनोस्फिअरवरून परतते तेव्हा जवळचा पट्टा ओलांडून पुढे पडते. नारळाच्या झाडाखाली बसलेल्याला सावली मिळत नाही, लांबच्याला मिळते, तसाच प्रकार. म्हणून रेडिओ फ्री युरोपनं १९५१ पासून आपले मोठे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या ग्लोरिया या गावी बसवले. तिथून वॉर्सा सुमारे २,७०० किलोमीटर, म्हणजे एका उडीत गाठण्याजोगं. शिवाय पोर्तुगाल पश्चिमेला असल्यामुळे सूर्य तिथं वॉर्सापेक्षा साधारण दोन तास उशिरा मावळतो. पूर्वेकडचे लांब पल्ल्याचे जॅमरही आयनोस्फिअरच्याच भरवशावर. त्यांच्या डोक्यावर अंधार पडला की त्यांची वरची फ्रिक्वेन्सी परतेनाशी होते, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या लहरीच्या वाटेवर मात्र अजून उजेड असतो. संध्याकाळच्या या खिडकीत जॅमिंग ढिलं पडायचं. जवळच्या पल्ल्याचे जॅमर उरायचे, पण त्यांचा आवाका एखाद्या शहरापुरता. थोडक्यात, जॅमिंग असलेल्या देशांत शहरापेक्षा खेड्यात रेडिओ जास्त स्वच्छ लागायचा.

हे लक्षात ठेवा, आत्ता लागेल.

कारण आता प्रश्न येतो की ऐकलं किती जणांनी. म्युनिकमधला माणूस वॉर्सात जाऊन दारोदार फॉर्म भरून घेऊ शकत नव्हता. मग रेडिओ फ्री युरोपच्या श्रोता-संशोधन विभागानं एक युक्ती काढली. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकियातून जी माणसं कामासाठी किंवा नातेवाइकांकडे पश्चिम युरोपात यायची, त्यांना स्वतंत्र सर्वेक्षण संस्थांमार्फत गाठायचं आणि विचारायचं. वर्षानुवर्षं हजारो मुलाखती झाल्या. युक्ती मोठी हुशारीची, यात वाद नाही. पण पासपोर्ट मिळवून पश्चिमेला जाऊ शकणारा माणूस कोण? बहुधा शहरी, शिकलेला, ओळखीपाळखी असलेला. आणि रेडिओ स्वच्छ कुठे लागायचा? खेड्यात. नमुना एका टोकाचा, लहरी दुसऱ्या टोकाला. त्या विभागाला हे कळत होतं आणि वय, शिक्षण, वस्ती यांचं वजन देऊन ते आकडे दुरुस्त करायचे. पण जो प्रवासाला निघालाच नाही त्याला वजन कुठून देणार?

मी हे एवढ्या अधिकारानं सांगतोय कारण हीच चूक मी केलीय. एम.एस्सी.ला असताना प्रोजेक्ट म्हणून गावात रेडिओ कोण ऐकतं याचा सर्व्हे करायचं ठरवलं. मी जळोचीचा. आमच्याकडे बाजार समितीचा उपबाजार आहे, तिथं आजूबाजूच्या गावांतून माल घेऊन माणसं येतात. मला वाटलं, वा, आख्खा तालुका एका जागी! सकाळी लिलावाच्या वेळी वही घेऊन उभा राहिलो. बहुतेकांनी सांगितलं, ऐकतो की, रोज ऐकतो. मी खूश. मग एका आजोबांनी विचारलं, “बाळा, तू रेडिओवाल्यांकडनं आलाय का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग खरं सांगतो, बॅटरी संपून वरीस झालं.” त्या दिवशी माझ्या आकड्यांची पत कळली. माल विकायला बाजारात येणारा शेतकरी वेगळा, आणि घरी जनावरांपाशी थांबलेली त्याची बायको वेगळी. बायकांचा तर एकही फॉर्म माझ्याकडे नव्हता. तो प्रोजेक्ट मी सबमिट केला, मार्कही बरे पडले. आता वाचवत नाही.

तर मग रेडिओ फ्री युरोपचे आकडे टाकून द्यायचे का? नाही, आणि इथं गोष्ट जरा चांगली होते. पोलंडच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचंही स्वतःचं लोकमत संशोधन केंद्र होतं आणि तेही, गुपचूप का होईना, परदेशी रेडिओ कोण ऐकतं हे विचारत होतं. १९८९ नंतर ही कागदपत्रं उघडली. ए. रॉस जॉन्सन आणि यूजीन पार्टा यांनी संपादित केलेलं ‘कोल्ड वॉर ब्रॉडकास्टिंग’ हे २०१० चं पुस्तक याच मसाल्यावर उभं आहे. एका बाजूला पश्चिमेतल्या मुलाखती, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट राजवटींची स्वतःची अंतर्गत सर्वेक्षणं. दोन्ही ढोबळमानानं एकाच दिशेला बोट दाखवतात, असं पुस्तकाचं म्हणणं आहे.

मला हा युक्तिवाद पटतो, आणि का पटतो ते सांगतो. सरकारी माणसानं विचारलं की श्रोता भिऊन कमी सांगणार. पश्चिमेतल्या मुलाखतकारानं विचारलं की यजमानाला बरं वाटावं म्हणून थोडं जास्त सांगणार. एक काटा कमी दाखवतो, दुसरा जास्त. दोन्ही काटे जवळजवळ येत असतील तर खरा आकडा त्यांच्या मध्ये कुठेतरी असणार. एकाच दिशेनं चुकणारी दोन उपकरणं जुळली तर त्याला काही किंमत नाही. उलट दिशांनी चुकणारी जुळली तर आहे. लॅबमध्ये आपण हेच करतो. सामाजिक शास्त्रातली मुलं याला ट्रायँग्युलेशन म्हणतात आणि मुलाखतीत तोच शब्द टाकून देतात. शब्दाबरोबर चुकीची दिशाही सांगा, समोरचे एक्स्पर्ट सरसावून बसतील.

तरीही पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. संपादकांपैकी जॉन्सन हे रेडिओ फ्री युरोपचे माजी संचालक. पार्टा यांनी त्याच छत्राखालचा श्रोता-संशोधन विभाग वर्षानुवर्षं चालवला. म्हणजे ज्यांनी मोजलं त्यांनीच मोजमाप बरोबर होतं का हे तपासलं. हा रेडिओ १९७१ पर्यंत सीआयएच्या पैशावर गुपचूप चालत होता आणि नंतर अमेरिकी संसदेच्या उघड अनुदानावर. अनुदान मागताना श्रोत्यांचे आकडेच पुढे ठेवावे लागणार हे उघड आहे. या माणसांनी लबाडी केली असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट कच्ची माहिती अभ्यासकांसाठी खुली करण्यात त्यांचाच वाटा मोठा. पण ‘ऐकणारे किती’ या प्रश्नावर ते पुस्तक जेवढं काटेकोर आहे तेवढं ‘ऐकून झालं काय’ या प्रश्नावर नाही. तिथं आठवणी येतात, नेत्यांची कृतज्ञतेची वाक्यं येतात. सत्तेवर आलेला माणूस रेडिओचे आभार मानतो. न आलेला, किंवा ऐकूनही गप्प बसलेला, त्याला कोणी विचारायला गेलेलं नसतं.

मग परिणामाचा पुरावा आणायचा कुठून? मी मैत्रिणीला सुचवलं ते असं: माणसं काय बोलली हे बाजूला ठेव आणि त्यांनी कशाची किंमत मोजली ते बघ. फॉर्मवर ‘हो’ म्हणायला काही पडत नाही. जॅमरला लागते ती वीज, यंत्रं, माणसं. पैशाची चणचण असलेलं सरकार वर्षानुवर्षं तो खर्च करतंय, याचा अर्थ त्याला स्वतःच्या गुप्त आकड्यांवर विश्वास होता. पोझनानचे कामगार तर जॅमर फोडायला छतावर चढले.

आणि सगळ्यात भारी पुरावा ऑगस्ट १९८० चा. गडान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला, संपकऱ्यांनी २१ मागण्या लिहिल्या. पहिली स्वतंत्र कामगार संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची. तिसरी अभिव्यक्ती स्वातंत्र्याची, आणि त्यातच एक तुकडा असा की सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमं खुली करा. मटणाच्या रेशनकार्डाची मागणी तेराव्या क्रमांकावर आहे. (क्रम म्हणजे महत्त्व असं लगेच धरू नका, मीही आधी धरलं होतं.) ३१ ऑगस्टला करार झाला आणि २१ सप्टेंबर १९८० ला पोलिश सरकारी रेडिओवरून वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधली रविवारची मिस्सा पहिल्यांदा थेट प्रसारित झाली. नोकरी पणाला लावून बसलेल्या माणसांनी सरकारकडे सरकारी रेडिओवरचा एक तास मागितला.

हा मुद्दा थोडा चघळा, कारण त्यातून सिनॉप्सिसचं मूळ वाक्यच उलटं होतं. परदेशी रेडिओ घरात येतच होता, त्यावर धार्मिक कार्यक्रमही होते. तेवढ्यानं भागलं असतं तर ही मागणी कशाला? मला असं दिसतं की लोकांना पोपचा आवाज ऐकायचाच होता, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे की शेजाऱ्यालाही तो ऐकू आला हे आपल्याला माहीत असावं, आणि सरकारलाही माहीत असावं. चोरून ऐकलेल्या रेडिओत हे मिळत नाही. आणीबाणीत आपल्याकडेही लोक आकाशवाणीला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणत रात्री बीबीसी लावायचे. पण बीबीसी लावणाऱ्याला शेजारचा काय लावतो हे विचारायची चोरी होती.

१९७९ च्या भेटीत सरकारला हे बरोबर कळलं होतं. २ जूनची वॉर्साच्या विजय चौकातली मिस्सा थेट दाखवली गेली, पुढचे काही कार्यक्रम त्या-त्या भागापुरते ठेवले. टीव्हीचा कॅमेरा पोपवर रोखलेला आणि गर्दी चौकटीबाहेर, हे त्या काळच्या जवळपास प्रत्येक वर्णनात येतं. पोप दिसू दे, पण पोपला बघायला किती जमलेत ते दिसू नये. आता माझी एक शंका, शंकाच म्हणतो. कॅमेऱ्याला चौकट असते, माइकला नसते. वेदीसमोरच्या माइकमध्ये लाखोंचं गाणं आणि कित्येक मिनिटं न थांबणाऱ्या टाळ्या येणारच. मग टीव्हीपेक्षा रेडिओवर गर्दी जास्त ‘दिसली’ असेल का? हे तपासता येतं. तेव्हाच्या ध्वनिफिती आहेत, गर्दीच्या आवाजाची पातळी काढता येते, नंतर आवाज कापला-दाबला असेल तर त्याच्या खुणा सापडतात. माझ्यासारख्या फिजिक्सवाल्याला आणि तिच्यासारख्या इतिहासवालीला मिळून करता येईल असं हे काम आहे, आणि मूळ वाक्यापेक्षा कितीतरी लहान आहे.

राहिला ‘कम्युनिस्ट’ हा शब्द. पोपला दाबणारं सरकार कम्युनिस्ट होतं, म्हणून दाबलं, असं आपण धरून चालतो. यासाठी एक उलटं उदाहरण लागतं आणि ते आपल्या मुंबईत आहे. २ ते ५ डिसेंबर १९६४ या काळात पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. विमानतळावर पंतप्रधान शास्त्री स्वागताला होते, ओव्हल मैदानावर मोठा सोहळा झाला. या भेटीवर सगळ्यात जास्त चिडलं कोण? पोर्तुगाल. सालाझारचं राज्य, कट्टर कॅथलिक आणि तेवढंच कट्टर कम्युनिस्टविरोधी. तीनच वर्षांपूर्वी भारतानं गोवा घेतला होता, आणि त्याच भारतात पोप जातात म्हणून परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगेइरा यांनी जाहीर निषेध केला. पोपच्या मुंबई दौऱ्याच्या बातम्या पोर्तुगालच्या सेन्सॉरनं रोखल्या.

ग्लोरिया गाव आठवतंय ना? ज्या देशानं आपल्या कॅथलिक जनतेला पोपची बातमी मिळू दिली नाही, त्याच देशाच्या जमिनीवरून, त्याच वर्षी, पोलंडच्या कॅथलिक जनतेसाठी ‘स्वतंत्र’ रेडिओ प्रक्षेपित होत होता. एकाच आयनोस्फिअरखाली! हे कळल्यावर मी रात्री अकराला मैत्रिणीला फोन केला होता.

यावरून दोन्ही राजवटी सारख्या होत्या असं म्हणता येणार नाही. एका उदाहरणावरून तेवढी उडी मारू नका. पण ‘कम्युनिस्ट’ आणि ‘रेडिओ मुठीत असलेली’ ही दोन चलं तिच्या आराखड्यात एकमेकांना चिकटलेली होती, ती या एका केसनं सुटी होतात. पोप अडचणीचा झाला की ज्याच्या हातात माइक आहे तो बटण बंद करतो, मग तो चर्चला जाणारा असो वा नसो. आपल्याकडेही प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये सांगावं लागलं, आणि तेव्हा आपण लोकशाहीच होतो.

मैत्रिणीची मुलाखत परवा झाली. विषय आता ‘रविवारच्या मिस्सेची मागणी, १९८०’ एवढाच आहे, आणि १९६४ ची मुंबई तुलनेसाठी एका प्रकरणात. पॅनलवरच्या एका सरांनी विचारलं की एवढा लहान विषय कशाला घेतलास. ती म्हणाली, सर, मोठा होता, पण त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. निकाल यायचाय. तोवर तिनं पोर्तुगीजचा क्लास लावलाय, आणि मला १९७९ च्या ध्वनिफिती कुठून मिळवायच्या ते शोधायला बसवलंय.